आधी हात, मग पिस्तूल

आमच्या घरात पिस्तूल आहे असं म्हटलं, की आलेले पाहुणे हातातला चहाचा कप खाली ठेवतात. मग कपाटातली कुलूपबंद पेटी निघते. आमची लेक त्यांना नळीतून ओवलेली नारिंगी सुरक्षा-दोरी दाखवते आणि सांगते, ‘‘हे हवेवर चालतं काका. दहा मीटरवरच्या निशाणावर बारीक छर्रा मारायचा, एवढंच.’’ पाहुण्यांचा जीव भांड्यात पडतो. पूर्वी त्यांचा पुढचा प्रश्न असे, ‘‘हे कशाला?’’ २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकरनं पिस्तुलात दोन कांस्यपदकं मिळवली, आपल्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं रायफलमध्ये कांस्य आणलं, आणि तेव्हापासून प्रश्न बदलला. आता विचारतात, ‘‘हे केवढ्याला?’’

हा प्रश्न विचारणाऱ्यांत माझ्या कॉलेजातले सहकारी आहेत, लेकीच्या वर्गातल्या मुलींच्या आया आहेत. मुलगी किंवा मुलगा वर्षभर क्लबच्या पिस्तुलावर सराव करतो, गुण बरे येऊ लागतात, आणि एक दिवस प्रशिक्षक सांगतात, आता स्वतःचं घ्या. मग सुरू होतो तो दुसरा, अवघड प्रश्न. कारखान्यातून आलेलं तयार पिस्तूल घ्यावं, की हाताच्या मापानं बनवून घेतलेलं? मी अर्थशास्त्र शिकवते, नेमबाजी नव्हे. पण या प्रश्नात आम्ही एकदा चांगलेच तोंडघशी पडलो आहोत. ती हकीकत आणि त्यातून जे शिकलो ते इथे सांगते. कुणाचे पैसे वाचले तर आनंदच आहे, पण त्याहून मोलाचं असं काही आमच्या हातून जाता जाता वाचलं.

पाव मिलिमीटरचा खेळ

आधी खेळ समजून घेऊ. दहा मीटर एअर पिस्तूल हा प्रकार उभं राहून, एका हातानं खेळायचा. दुसरा हात खिशात किंवा पट्ट्यात अडकवून ठेवतात. पात्रता फेरीत ६० गोळ्या, त्यासाठी ७५ मिनिटं, आणि जास्तीत जास्त गुण ६००. निशाणाचा काळा गोल ५९.५ मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे चहाच्या कपाच्या तोंडाएवढा. त्यातलं दहा गुणांचं वर्तुळ फक्त ११.५ मिलिमीटरचं, शर्टाच्या गुंडीएवढं. छर्रा साडेचार मिलिमीटरचा असतो आणि वर्तुळाच्या रेषेला नुसता चाटून गेला तरी वरचा गुण मिळतो.

आमचे हे उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये आहेत. व्हर्निअर आणि मायक्रोमीटर ही त्यांची रोजची अवजारं. लेकीचा खेळ त्यांना समजला तो आकड्यांतूनच. एका रविवारी त्यांनी वहीवर हिशेब मांडला. पिस्तुलाच्या पुढच्या आणि मागच्या साईटमध्ये ३३ सेंटिमीटर अंतर धरलं, तर निशाण त्याच्या सुमारे तीसपट लांब आहे. म्हणजे पुढची साईट मागच्या खाचेत एक मिलिमीटर बाजूला सरकली, तर छर्रा निशाणावर तीस मिलिमीटर सरकतो. मधोमध लागायचा तो काळ्या गोलाच्या काठावर, दहाच्या ऐवजी सात. दहा गुण हवे असतील तर ही चूक पाव मिलिमीटरच्या आतच राहिली पाहिजे. हिशेब झाल्यावर ते बराच वेळ वहीकडे बघत बसले आणि म्हणाले, ‘‘मशीनवर पण हे सोपं नाही गं. ही तर हातानं करते.’’

आमची चूक

लेक नववीत होती. क्लबच्या पिस्तुलावर तिचे गुण ५४८ पर्यंत पोचले होते. परदेशी बनावटीचं नवं स्पर्धेचं पिस्तूल दीड-दोन लाखांच्या घरात जातं, म्हणजे दारातल्या स्कूटरपेक्षा महाग. आमची कुवत तेवढी नव्हती. त्याच सुमारास एका स्पर्धेच्या ठिकाणी कुणीतरी सांगितलं, की एका ज्येष्ठ नेमबाजाचं पिस्तूल विकायचं आहे. नावाजलेल्या कारखान्याचं, आणि वर मूठ खास बनवून घेतलेली. अक्रोडाच्या लाकडाची, बोटाबोटाच्या जागा कोरलेली, तळहाताखालचा टेकूसुद्धा घासून गुळगुळीत केलेला. किंमत ऐंशी हजार. ‘‘नुसती मूठच केवढ्याची आहे बघा,’’ असं विकणारे म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं.

ह्यांनी पिस्तूल उघडून बघितलं. नळी, ट्रिगर, हवेची नळकांडी, सगळं ठीक. ‘‘बघितलोय की मी, मशीन एकदम चोख आहे,’’ म्हणाले. मला तर ती मूठ बघूनच ते पिस्तूल आवडलं होतं. तयार कपड्यांपेक्षा शिंप्याकडचे कपडे चांगले, बाजारातल्या तंबोऱ्यापेक्षा मिरजेच्या कारागिराकडून सांगून घेतलेला तंबोरा चांगला, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. सोसायटीतून कर्ज काढलं आणि पिस्तूल घरी आणलं.

पहिल्या आठवड्यात गुण ५४० झाले. नवं हत्यार आहे, सवय होईल, असं म्हणालो. महिन्याभरानं ५३१. गोळ्या डावीकडे जात होत्या. साईटचा स्क्रू फिरवून त्या मध्यावर आणल्या की दुसऱ्या दिवशी उजवीकडे जायच्या. आज्जी रोज रात्री तेल लावून देताना विचारायच्या, ‘‘काय गं पोरी, अजून मनगट दुखालंय?’’ आणि एका संध्याकाळी, कर्जाचा हप्ता भरून आलेली असताना, मी तिला म्हणाले, ‘‘एवढे पैसे घातले, जरा मन लावून खेळलीस तर काय होईल?’’

ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून रेंजवर जायला टाळाटाळ सुरू झाली. एसएसएलसीचं वर्ष येतंय, अभ्यास आहे, डोकं दुखतं. आठवड्यानं तिनं सांगितलं, ‘‘आई, पिस्तूल विकून टाका. माझ्या हातातच काही नाही.’’

डोळे मीट, हात उचल

तिचे प्रशिक्षक सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार. घरची भाषा कन्नड, पण बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र असल्यामुळे मराठी पोरांत अर्धं आयुष्य गेलेलं. खरेदीच्या वेळी ते गावाला गेले होते आणि आम्ही त्यांची वाट बघितली नव्हती. नंतरही स्पर्धांच्या धावपळीत, नव्या पिस्तुलाची सवय होतेय, एवढंच त्यांना कळवत राहिलो. ही आमची दुसरी चूक. मी लेकीला घेऊन त्यांच्याकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी पिस्तूल हातात घेतलं नाही. लेकीला म्हणाले, ‘‘घे. निशाणाकडे तोंड करून उभी राहा. डोळे मीट. हात उचल. स्थिर झाला? आता उघड. पुढची साईट कुठं आहे?’’

‘‘खाचेच्या डाव्या कडेला चिकटलीय सर.’’

पाच वेळा करून बघितलं. पाचही वेळा ती बाजूलाच होती, आणि कधी जास्त, कधी कमी. मग त्यांनी क्लबचं जुनं पिस्तूल तिच्या हातात दिलं. डोळे उघडले तेव्हा साईट जवळजवळ मधोमध.

त्यांनी तिचा पंजा स्वतःच्या पंजाला लावून मला दाखवला. ती मूठ ज्या हातासाठी कोरली होती तो एका उंचापुऱ्या माणसाचा हात होता. लेकीचा हात लहान. मूठ घट्ट धरली तर तर्जनी ट्रिगरपर्यंत नीट पोचत नव्हती, नुसतं टोक लागत होतं, आणि टोकानं ट्रिगर दाबला की पिस्तूल डावीकडे ढकललं जातं. बोट पोचवायचं तर सगळा पंजा फिरवून धरावा लागे, मग साईट बाजूला जाई आणि ती मनगट वाकवून प्रत्येक गोळीला ती मध्यावर आणत होती. साठ गोळ्यांना साठ वेळा. मनगट दुखलं नसतं तरच नवल.

‘‘मोदलु कै, आमेले पिस्तूल, मेडम,’’ ते म्हणाले. आधी हात, मग पिस्तूल. ‘‘ही मूठ चांगली आहे. पण ती दुसऱ्याच्या हाताची आहे. दुसऱ्याचा चष्मा घालून वाचता येतंय काय?’’

परतताना गाडीवर लेक मागे बसली होती. मी तिला म्हटलं, ‘‘चूक तुझ्या हाताची नव्हती. मीच तुला बोलले.’’ ती ‘‘असू दे गं’’ म्हणाली. पण घरी पोचेपर्यंत तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला होता, तो काढला नाही.

कारखाना कुठे कमी पडतो?

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचलं आणि तेव्हा कळलं, की ‘तयार की बनवून घेतलेलं’ हा प्रश्न आपण चुकीच्या जागी विचारतो.

हा वाद खरा रंगला तो अमेरिकेत. तिथल्या सैन्यानं १९११ साली पॉइंट पंचेचाळीसचं कोल्ट पिस्तूल स्वीकारलं. ते बनवलं होतं युद्धासाठी. चिखल, वाळू, पाणी यांतही अडकू नये म्हणून त्याचे भाग मुद्दाम थोडे सैल ठेवलेले. तेच पिस्तूल घेऊन लोक स्पर्धेत उतरले आणि पन्नास यार्डांवरच्या निशाणावर एका हातानं नेम धरू लागले, तेव्हा तो सैलपणा नडू लागला. मग बंदूककाम जाणणारे कारागीर पुढे आले. सरकता भाग घट्ट बसवायचा, नळीचं तोंड आणि त्याची बुशिंग एकमेकांना घासून जुळवायची, ट्रिगर हलका करायचा, चांगल्या साईट लावायच्या. १९५५ पासून तिथल्या सैन्यानंच राष्ट्रीय स्पर्धांसाठी अशी जुळवलेली पिस्तुलं तयार करायला सुरुवात केली, आणि १९५७ मध्ये कोल्ट कंपनीनं स्पर्धेसाठीचं ‘गोल्ड कप’ हे मॉडेल बाजारात आणलं. कारागिरानं जे हातानं केलं, ते कारखाना मागाहून शिकला. पुढे धावत-पळत निशाण साधण्याच्या आयपीएससी प्रकारात खास बनवलेल्या पिस्तुलांची चढाओढ इतकी वाढली, की कारखान्यातून निघालेल्या पिस्तुलांसाठी वेगळा गट ठेवावा लागला.

म्हणजे यंत्र ‘बनवून’ घ्यायची गरज तिथे होती, जिथे मूळ वस्तू वेगळ्या कामासाठी तयार झालेली होती. एअर पिस्तुलाचं तसं नाही. स्टायर, मोरिनी, वॉल्थर, पार्दिनी, फाइनवेर्कबाउ हे युरोपातले कारखाने ही पिस्तुलं स्पर्धेसाठीच बनवतात. पिस्तूल शिकंजात पकडून दहा मीटरवरून पाच गोळ्या मारतात आणि तो कागद पेटीत घालून देतात. पाच गोळ्यांचं मिळून जवळजवळ एकच भोक असतं. ऑलिंपिकच्या अंतिम फेरीतला नेमबाज आणि जिल्हा स्पर्धेतली मुलगी बऱ्याचदा एकाच मॉडेलचं पिस्तूल वापरत असतात. पॅरिसमध्ये साधा चष्मा लावून, खिशात हात घालून रौप्य जिंकणारा तुर्कस्तानचा युसुफ दिकेच जगभर गाजला. घरातून उठून आला आणि जिंकला, अशी थट्टा झाली. पण त्यानं डोळ्यावरची भिंगं आणि झापडं बाजूला ठेवली होती, चांगलं पिस्तूल नव्हे. आणि खिशातला हात तर सगळेच ठेवतात.

ह्यांनी याचा अर्थ त्यांच्या भाषेत सांगितला. ‘‘आमच्याकडे एक जॉब चांगला काढणारा कारागीर मिळतो. शंभर जॉब सारखे निघायला फिक्श्चर लागतं. पिस्तूल म्हणजे साठ सारखे जॉब.’’ शिवाय कारखान्याच्या मालाला सुटे भाग मिळतात. एखादी रबरी रिंग गेली तर तशीच दुसरी बसते. एखाद्यानं हातानं घासून जुळवलेल्या भागाला दुसरा भाग मिळणार कुठून?

सुटे भाग किती महत्त्वाचे, हे मनू भाकरनंच अनुभवलं आहे. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत तिच्या पिस्तुलात बिघाड झाला. दुरुस्तीत मोलाचा वेळ गेला, उरलेल्या गोळ्या घाईत माराव्या लागल्या. ५७५ गुण झाले आणि ती बारावी आली. अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. तिथून पॅरिसच्या दोन पदकांपर्यंत यायला तीन वर्षं लागली.

आणि खास बनवून घेतलेलं पिस्तूल असलं तरी ते माणसाला चुकू देत नाही असं नाही. दक्षिण कोरियाचा जिन जोंग-ओ यानं पन्नास मीटर पिस्तुलात २००८, २०१२ आणि २०१६ अशी ओळीनं तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकली. रिओला त्याच्या हातात त्याच्याचसाठी बनवलेलं लाल रंगाचं पिस्तूल होतं. त्याच पिस्तुलातून अंतिम फेरीत त्याची एक गोळी ६.६ वर गेली. जगज्जेत्याला लाजवणारा तो नेम. तरी तो सावरला आणि सुवर्ण घेऊनच गेला. ६.६ मारणारं पिस्तूल तेच आणि पुढचे दहा मारणारंही तेच. रिओनंतर तो प्रकार ऑलिंपिकमधून गेला. अख्खा पंजा वेढून टाकणाऱ्या लाकडी मुठींची परवानगी त्यातच होती.

बनवून घ्यायची ती मूठ

मग हाताच्या मापाचं काहीच नको का? हवं. पण फक्त तिथे, जिथे पिस्तूल संपतं आणि हात सुरू होतो. नळी, ट्रिगर, हवेची यंत्रणा ही कारखान्याची. मूठ आपली.

नव्या पिस्तुलाबरोबर लहान, मध्यम, मोठी अशा मापांत तयार मूठ मिळते. तळहाताखालचा टेकू वर-खाली सरकवता येतो, ट्रिगर पुढे-मागे करता येतो, कित्येक मॉडेलांत मुठीचा कोनही बदलतो. डावखुऱ्यांनी डाव्या हाताची मूठ आधीच सांगून मागवावी. बहुतेक मुलांचं पहिली दोन-तीन वर्षं एवढ्यावर भागतं. सुरुवातीला हाताची सवयच पक्की झालेली नसते. आज घट्ट धरणारा उद्या सैल धरतो. त्या हाताचं माप घेऊन मूठ कोरली, तर त्याची चूकच लाकडात कोरली जाते. आणि वाढत्या वयाच्या मुलांचं तर विचारायलाच नको. आपण शाळेचे कपडे वाढत्या अंगाचे शिवतो, तसे वाढत्या हाताची मूठ बनवता येत नाही.

हात वाढायचा थांबला, गुण एका पातळीवर स्थिर झाले, आणि प्रशिक्षकालाही वाटलं, की मग मापाची मूठ बनवून घ्यावी. त्यासाठी कागदावर पंजा ठेवून त्याची बाह्यरेषा काढतात, बोटांची लांबी-जाडी मोजतात आणि ती मापं कारागिराकडे पाठवतात. हल्ली हाताचं त्रिमितीय स्कॅन करूनही मुठी तयार होतात. पण आलेली मूठसुद्धा शेवटी पॉलिश कागद आणि लाकडाची लांबी घेऊनच हाताला बसवावी लागते. थोडं घासायचं, आठवडाभर खेळायचं, मग पुन्हा थोडं. लाकूड काढणं सोपं, परत लावणं कठीण.

नियमही ध्यानात ठेवायला हवेत. एअर पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत बसलं पाहिजे, मुठीसकट. वजन दीड किलोच्या आत. ट्रिगरवर अर्ध्या किलोचं वजन टांगून पिस्तूल उचलतात, ते सुटता कामा नये. टेकूचा कोन ९० अंशांपेक्षा कमी नको, आणि मनगट उघडं, आधाराशिवाय दिसलं पाहिजे. हौसेनं जाड केलेली मूठ पन्नास मिलिमीटरच्या पुढे गेली, की स्पर्धेच्या सकाळी तपासणीच्या टेबलावर रडायची वेळ येते.

खरेदीला जाण्याआधी

नवं घ्या की जुनं, प्रशिक्षकाला घेऊन जा आणि ज्याच्यासाठी घ्यायचं त्याच्या हातात पिस्तूल द्या. डोळे मिटून हात उचलायची परीक्षा दुकानातही घेता येते. एकदा नाही, दहा वेळा घ्या.

जुनं घेताना हवेच्या नळकांडीवरची तारीख वाचा. बहुतेक कंपन्या तिला दहा वर्षांची मुदत देतात. मुदतीतली नळकांडी वापरणं ही खेळाडूची जबाबदारी असते, आणि आत दोनशे बारचा दाब असल्यामुळे ती जिवाचीही गोष्ट आहे. आमच्या पिस्तुलाच्या नळकांडीचे सात महिने उरले होते, हे आम्ही खरेदीनंतर वाचलं! मुठीच्या किमतीला भुलू नका. तुमच्या हाताला न बसणाऱ्या कोरीव मुठीची किंमत तुमच्यासाठी शून्य आहे. उलट मूळ तयार मूठ सोबत देणार का, ते विचारा.

कायद्याचंही थोडं. साडेचार मिलिमीटरपर्यंतच्या, २० ज्यूलपेक्षा जास्त ताकद नसलेल्या हवेच्या हत्याराला परवाना लागत नाही. स्पर्धेचं एअर पिस्तूल या मर्यादेच्या पुष्कळ आत असतं. पंचवीस मीटर प्रकारात पॉइंट टूटूचं पिस्तूल लागतं. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या एशियाडमध्ये ज्यात सुवर्ण जिंकलं, तोच हा प्रकार. ते मात्र बंदुकीतच मोडतं. त्याला परवाना हवा, आणि असं हत्यार परवान्याशिवाय बनवणं, बदलणं किंवा दुरुस्त करणं हा शस्त्र कायद्यानं गुन्हा आहे. आपल्या भागात हुशार टर्नर-फिटर पुष्कळ आहेत. ‘‘आण इकडे, ट्रिगर हलका करून देतो’’ म्हणणारा कुणी भेटला तर हात जोडून नको म्हणा. एअर पिस्तुलाचंही आतलं काम जाणकाराकडेच न्यावं.

घरात शिस्त हवी. पिस्तूल पेटीत, पेटी कुलपात, नळीत नारिंगी दोरी. रिकामं असलं तरी माणसाकडे रोखायचं नाही, थट्टेतसुद्धा. छर्रे शिशाचे असतात, सरावानंतर हात धुतल्याशिवाय डब्याला शिवायचं नाही. हे शेवटचं आज्जी बघतात, त्यामुळे त्यात सूट मिळत नाही.

पुढे काय झालं

ते ऐंशी हजारांचं पिस्तूल आम्ही विकलं नाही. ह्यांचं म्हणणं खरंच होतं, यंत्र चोख होतं. त्याच कारखान्याची लहान मापाची तयार मूठ मागवली, नवी नळकांडी घेतली. आणखी खर्च झाला, पण नव्या पिस्तुलाच्या मानानं कमीच. प्रशिक्षकांनी एका जागी लाकडाची लांबी लावून दिली, एका जागी पॉलिश कागदानं घासून दिलं. त्या दिवशी हे मुद्दाम रजा काढून बघायला गेले होते. अर्ध्या मिलिमीटरचं काम करायला सुभेदारांना दोन तास लागले, आणि मायक्रॉनमध्ये काम करणारा हा माणूस शेजारी उभा राहून ते बघत होता.

गुण लगेच वाढले नाहीत. वाकड्या सवयी आल्या होत्या त्या जायला तीन महिने गेले. मग ५४५, ५५२, गेल्या स्पर्धेत ५५६. राज्य संघ अजून लांब आहे, आणि तो येईलच असं मी म्हणणार नाही. कर्जाचे अकरा हप्ते राहिलेत.

ती कोरीव मूठ आम्ही मूळ मालकांना परत नेऊन दिली. त्यांना आश्चर्य वाटलं. हातात घेऊन त्यांनी बोटं जागच्या जागी बसवली आणि क्षणभर डोळे मिटले. ‘‘दोन वर्षं घासत होतो ही,’’ एवढंच म्हणाले. त्या हाताला ती किती चपखल बसत होती, ते बघून लेकीला आधी हसू आलं आणि मग तिनं वाकून त्यांना नमस्कार केला.

आता एसएसएलसीचं वर्ष आहे. रात्री अभ्यास आटोपला की ती दहा मिनिटं हॉलच्या कोऱ्या भिंतीसमोर उभी राहते. छर्रा नाही, निशाण नाही. डोळे मिटते, हात उचलते, डोळे उघडते. मी स्वयंपाकघर आवरता आवरता बघते. साईट कुठे आली, ते मी विचारत नाही. मनगट दुखतंय का, एवढंच विचारते.